पाचपांडे सरांच्या शेंगा

कूलरच्या जाळीच्या खालच्या कडेला पाण्याचा एक थेंब जमतो आहे. आधी तो चपटा असतो, मग पोटाशी फुगतो, मग मानेशी बारीक होतो, आणि आता पडणार असं वाटत असतानाच तसाच लोंबकळत राहतो. रविवारची दुपार आहे. जळगावचं ऊन दाराबाहेर उभं आहे, आणि जेवून आडवी झालेली हेमांगी नेहते त्या थेंबाकडे बघते आहे. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत तिचं रोजचं कामच हे. ब्युरेटच्या काचनळीच्या टोकाशी आलेल्या ज्या एका थेंबाने रंग बदलतो, त्याची वाट बघण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

घरच्यांना मात्र तिच्या वाट बघण्याचा कंटाळा आलाय. महिना झाला, रेडिओच्या बातमी विभागातून तिला बोलावणं आलेलं आहे. पक्की नोकरी सोडायची आणि वर्षावर्षाच्या करारावर बातम्या लिहायच्या. उद्या सोमवार, उत्तर कळवायचा शेवटचा दिवस. जायचंच आहे हे तिला आतून ठाऊक आहे, पण कोणी विचारलं की ती म्हणते, "अजून दोन गोष्टी तपासायच्यात." सकाळीच सासूबाई म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा ती माती बरी. चार दिवसांत बोलते तरी."

थेंब पडत नाही. हेमांगीचे डोळे मिटतात.

टप्.

थेंब पडतो तो ब्युरेटमधून, आणि खाली ठेवलेल्या चंचुपात्राशेजारी पाचपांडे सर बसले आहेत. तिला बातमी लिहायला शिकवणारे, गेल्या दिवाळीनंतर वारलेले पाचपांडे सर. मांडीवर कागदाची पुडी, पुडीत भाजलेल्या शेंगा. हेमांगीला नवल वाटत नाही. प्रयोगशाळेत खायला मनाई आहे, एवढंच तिच्या मनात येतं.

"सर, इथे काही खायचं नसतं. विषारी असतं सगळं."

"मला आता काय होणार आहे?" सर म्हणतात आणि शेंग फोडतात.

रविवारच्या वर्गातही ते असेच बसत. विद्यार्थ्याने बातमी वाचायची, सरांनी शेंगा फोडायच्या. रेडिओ कोणी हाताची घडी घालून ऐकत नाही, ते सांगत; कोणी भाजी निवडत असतं, कोणी दाढी करत असतं. बातमी चांगली असली तर चालते हात क्षणभर थांबतात. थांबले की बातमी पोचली. हेमांगी दोन वर्षं त्या वर्गाला गेली. तिच्या बातमीला सरांचे हात एकदाही थांबले नाहीत.

"वाच," सर म्हणतात.

तिच्या हातात कागद आहेच. "तालुक्यातील नऊशे बारा नमुन्यांपैकी त्र्याहत्तर पूर्णांक सहा टक्के नमुन्यांमध्ये, चाचणीच्या मर्यादा लक्षात घेता, सेंद्रिय कर्बाचे प्रमाण..."

शेंग फुटते. "शास्त्रज्ञबाई, ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. तुझ्या नादात तिकडे एकाने गाल कापून घेतला."

हेमांगीला हसू येतं. ती कागद खाली ठेवते. "चारपैकी जवळपास तीन शेतांमधली माती उपाशी आहे."

"हं. आता त्याने वस्तरा नीट धरला."

"'जवळपास' काढू का?"

"राहू दे. तेवढा तुझा हक्क आहे." हात चालूच आहेत.

टेबल संपतं तिथून तापीच्या पुलाचा कठडा सुरू होतो. वारा सुटलाय. तीन पायांवर एक कॅमेरा उभा आहे, त्याच्यामागे कोणी नाही, आणि सर कठड्यावर पाय हलवत बसलेत, शाळेतल्या पोरासारखे. हेमांगी माइक तोंडाशी धरते. "आपण पाहत आहात, पुलाखालून पाणी वाहत आहे."

"त्यांना डोळे आहेत," सर म्हणतात. "दिसतंय ते सांगायला तू कशाला? न दिसणारं सांग."

ती खाली बघते. धरणाचं पाणी सोडलंय, पात्र काठोकाठ भरलंय. "काल दुपारी इथे मुलं क्रिकेट खेळत होती. स्टंप अजून खालीच आहेत."

सर मान मागे टाकून हसतात. त्यांच्या हातातली टरफलं वाऱ्यावर जातात, पाण्यावर टेकतात आणि चिमुकल्या होड्यांसारखी रांगेने निघतात. हेमांगीला वाटतं, इतकं हलकं आपल्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

शेवटची होडी जाते ती स्टुडिओच्या भोकाभोकांच्या भिंतीत. वर लाल दिवा आहे, अजून न लागलेला. खुर्च्यांच्या जागी घरातले पाट मांडले आहेत. समोरासमोर दोघं बसतात.

"बातमीपत्रातली शेवटची बातमी राहिली," सर म्हणतात.

"कुठली?"

"तुझी."

कागदावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ती वाचते, "संबंधित महिलेकडून सदर प्रस्तावाचा सर्व बाजूंनी विचार करून योग्य वेळी निर्णय घेण्यात येणार असल्याचे समजते."

"कोणाला समजतं?"

"मलाही नाही, सर."

"मग? कोण, काय करणार, कधी. एवढं सांग आणि घरी जा."

"आणि चुकलं तर?"

"चुकलेल्या बातमीची दुरुस्ती पुढच्या बातमीपत्रात देता येते. न दिलेल्या बातमीची देता येत नाही."

हेमांगी कागदाची घडी घालते. मग मनातलं बोलून टाकते. "तुमचे हात माझ्यासाठी कधीच थांबले नाहीत."

"तू बातमी दिलीस कधी? तू अहवाल दिलेस. सुरेख होते. शेंगा फार छान सोलल्या जायच्या."

सर पुडी उपडी करतात. एकच शेंग खाली पडते. ती सर फोडत नाहीत. हेमांगीच्या तळहातावर ठेवतात आणि तिची बोटं एकेक करून मिटतात. त्यांचे हात आता रिकामे आहेत, मांडीवर स्वस्थ आहेत, आणि ते तिच्याकडे बघताहेत. लाल दिवा लागतो. ती तोंड उघडते.

टप्.

फरशीवर ओला ठिपका पडलाय. कूलर घरघरतो आहे. हेमांगीची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. ती मूठ उघडून बघते. आत भाजलेली एक शेंग आहे, न फोडलेली, एका बाजूने काळसर, अजून कोमट. सासूबाईंना पचत नाहीत म्हणून ह्या घरात शेंगा कोणी आणत नाही.

ती उठते आणि स्वयंपाकघरात जाते. सासूबाई खाली बसून गवार निवडताहेत. शेंडा, बुडखा, दोर. शेंडा, बुडखा, दोर. नजर भलतीकडे असली तरी हात काही चुकत नाहीत.

"झाली झोप?" त्या वर न बघता म्हणतात. "चहा टाक मग. आणि आज तरी तपासून झालं का तुझं?"

हेमांगी शेंग मुठीत धरून दाराशी उभी राहते.

"आई, मी उद्या प्रयोगशाळेत राजीनामा देतेय. पुढच्या महिन्यापासून मी रेडिओवर बातम्या लिहिणार आहे."

सासूबाईंचे हात थांबतात.