एका डब्याचं अंतर

आमच्या मुरुम गावात कुणाचा वेळ हरवला, तर त्यानं फार शोधाशोध करू नये. सरळ आमच्या शेजारच्या गिरणीवाल्या काकूंकडं जावं. त्यांनी तो वेचून, चाळून कुठल्यातरी कामाला लावलेला असतो. गिरणीत डबाभर ज्वारी ओतायची आणि ती दळून होईपर्यंत दुसरंच काहीतरी उरकायचं, हा त्यांचा धर्म. पोटात दाणे असले की गिरणीचा आवाज जड असतो, सरले की चढतो. तो चढला की काकू हातातलं काम जिथल्या तिथं टाकून आत पळायच्या. या नियमातून नवराही सुटला नव्हता. एकदा त्या काकांच्या मिशीला कलप लावायला बसल्या. उजवी बाजू झाली आणि आवाज चढला. मग गिऱ्हाईक काही हटेना. काका तसेच लग्नाला जाऊन आले, उजवीकडून नवरदेवाचे मित्र आणि डावीकडून आजोबा! काकूंचं म्हणणं एवढंच, "फोटो उजवीकडनं काढायचा की!" दळण घेऊन येणाराही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. "नुसतं हुबं काय ऱ्हाताव? हात रिकामेच हायत न्हवं?" म्हणत त्या चिंचा भरलेलं सूप पुढं सरकवायच्या. गहू घेऊन आलेले एक गुरुजी गप्पांच्या नादात त्यांची वर्षाची चिंच फोडून गेले, आणि स्वतःचं पीठ विसरून गेले.

मी वेंगुर्ल्याकडची. शाळा सातवीत सुटली, आणि लग्न होऊन इतक्या लांब आले की फोन वाजला तरी आधी वाटायचं, आईला काय झालं असेल. अशा भित्र्या बाईला वाडीवरच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. सातवीवर मिळालेलं पहिलं काम! पण एसटी फाट्यावरच सोडते, तिथून वाडी लांब. उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत घरची स्कूटी चालवायला आली नाही, तर काम दुसरीला जाणार होतं. नवऱ्याचा टेम्पो सतत बाहेरगावी. त्याचं "रविवारी शिकवतो" ऐकत किती रविवार गेले. एक दिवस गिरणीत मी रडकुंडीला आले, तशी काकू म्हणाल्या, "रविवार कशाला पायजे गं? झाडून घेतलेल्या पिठाची पण भाकर होतीया. आण ती गाडी!"

काकूंना स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती. पण डबा ओतला की त्या पदर खोचून माझ्या मागं पळायच्या. "ब्रेक दाब! बेग बेग! अगं, कोंबडीकडं बघू नगं, रस्त्याकडं बघ!" घाई झाली की त्यांच्या तोंडात कन्नड यायचं. एका डब्यात गिरणीपासून लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन यायला जमायचं. फक्त लिंबापाशी वळण्याइतका वेळ उरायचा नाही. म्हणून काकू मागून गाडी उचलून माझ्यासकट फिरवून द्यायच्या, आणि मी परत सुसाट. शाळा उघडायला आली तेव्हा ध्यानात आलं, मला सरळ जाता येत होतं; वळता येत नव्हतं! आणि फाट्यावर तर वळायचंच होतं. मी गाडी लिंबाला टेकवून खालीच बसले. काकू मात्र शांत. "वळायला मोठं दळण लागतंय गं. येईल."

आणि आलं! एका लग्नघरची पोतीच्या पोती. त्या दिवशी गिरणी जड आवाजात घरघरत राहिली आणि मी लिंबाभोवती एवढ्या फेऱ्या मारल्या, की वडाला दोरा गुंडाळताना बायका मारत नसतील. काम टिकलं. आता रोज फाट्यावर वळताना मला पीठ उडवत पळणाऱ्या काकू दिसतात.

त्यांचं माहेर सीमेपलीकडं, तासाभरावर. तिथं थोरली अक्का असते. "एका डब्यात बसंना झालंय ते," म्हणत त्यांनी वर्षानुवर्षं जाणं टाळलं होतं. गेल्या महिन्यात, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी, आळीची डीपी जळाली. दिवसभर लाईट नाही. आख्खा दिवस एकदम हाती आल्यावर काकू गिरणीच्या दारात हरवल्यासारख्या उभ्या. मी स्कूटी आणून लावली.

"किती येळ लागंल?"

"लग्नघरच्या दळणाएवढा. बसा तुम्ही."

बसल्या, पण लसणाची पिशवी घेऊन. वाटभर माझ्या कानाजवळून टरफलं उडत होती.

अक्कानं दारातच त्यांचे दोन्ही हात धरले आणि मग सोडलेच नाहीत. काकूंचे हात रिकामे मी पहिल्यांदा पाहिले. त्यांचं कन्नड मला कळेना, म्हणून मी गोठ्याकडं जाऊन आईला फोन लावला. एरवी मी डाळ शिजेपर्यंत बोलते आणि ठेवते. आई म्हणाली, "आज इतको वेळ कसो गो मिळालो?" म्हटलं, "लाईट गेलीय." आई हसली आणि बोलत राहिली.

ऊन उतरलं. मला अंधाराची धास्ती. मी ओसरीवर येऊन हळूच म्हटलं, "काकू, निघूया?"

त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. "थांब गं जरा. अजून पीठ पडतंय."