तिसरा नंबर

सुकापूरच्या घरी कपाट आवरताना माझं सातवीचं प्रगतिपुस्तक सापडलं. नंबराच्या रकान्यात लाल शाईनं खोडलेला दोन आणि शेजारी तीन.

त्या वर्षी दोन मुलींना सारखे गुण मिळून दोघी पहिल्या आल्या. सरांनी माझा दुसरा नंबर लावला. कंपासपेटीचं बक्षीस दुसऱ्या नंबरापर्यंतच होतं. तरी मी उठले.

"सर, माज्या पुढं दोघी हायत. मंग मी तिसरी."

वर्ग हसला. सरांनी क्षणभर विचार केला आणि दोन खोडला.

मिठागरावरून आलेले बाबा चिडले. "सोताहून खाली उतरलीस?"

"नाय बाबा, नीट मोजलं."

कंपासपेटी गेल्याचं तेव्हा फार वाईट वाटलं. आज वाटतं, भर वर्गात सरांची चूक दाखवणारी ती मुलगी कोणाच्याच मागे नव्हती.