वहीतलं सगळं खाण्याचंच

बानात प्रांतातल्या, सरहद्दीवरच्या त्या जर्मन वस्तीच्या गावात अपोलोनिया हुप्पर्टला लोक तोंडावर हट्टी म्हणायचे. ती म्हणायची, "आहेच मुळी. आणि उद्याही असणार आहे." नवऱ्याला लढाई संपता संपता रशियनांनी खाणीत कामाला नेलं, तो तिकडेच वारला. तेव्हापासून मुलगा मातिआस आणि बिनलग्नाची नणंद युलियाना यांना घेऊन ती घर रेटत होती.

१९५१ च्या जूनमध्ये एका पहाटे शिपाई दारात येऊन उभे राहिले. सरहद्दीजवळ तुमच्यासारखी माणसं नकोत, सामान बांधा आणि स्टेशनवर चला, एवढंच बोलले. कुठे नेणार ते सांगेनात. युलियाना रडत रडत पिसांच्या गाद्या गुंडाळत होती, मातिआस कोंबड्यांच्या मागे धावत होता आणि अपोलोनिया खुर्चीवर चढून कपाटाच्या माथ्यावरची स्वयंपाकाची वही काढत होती. तिच्या सासूच्या सासूने सुरू केलेली जाडजूड वही ती. पुढच्या प्रत्येक सुनेने तिच्यात आपली पानं घातलेली आणि लोण्याचे डाग पडून कित्येक पानांच्या आरपार दिसायला लागलेलं.

"वहिनी, वेड लागलं का गं? अगोदर कढई घे!" युलियाना ओरडली.

"कढई तू घे. तुझे हात काय मोडलेत?"

गुरांच्या डब्यातून त्यांना आणि गावातल्या आणखी कित्येक कुटुंबांना देशाच्या दुसऱ्या टोकाला, बारागानच्या माळावर आणून टाकलं. झाड नाही, विहीर नाही, नुसतं काटेरी गवत आणि वारा. एका शिपायाने जमिनीत ठोकलेला खुंट दाखवला.

"हे तुमचं घर."

"कुठंय?" अपोलोनियाने विचारलं.

"बांधाल तिथं."

तिघांनी आधी खड्डा खणून त्यावर काटक्या-गवताचं छप्पर घातलं. थंडी पडायच्या आत चिखल तुडवून भिंतीही उभ्या केल्या. आठवडाभर सरकारी शेतावर कापूस वेचायचा आणि मिळेल ते उकडून खायचं. पण रविवारी अपोलोनिया दोन खोक्यांवर फळी टाकून वर पांढरी चादर अंथरायची, वही उघडायची आणि त्यातलंच काहीतरी रांधायची. लोण्याच्या जागी सूर्यफुलाचं तेल, अंड्यांच्या जागी भोपळा. पदार्थाचं नाव मात्र वहीतलंच.

"वहीत लिहिलंय भरलेला हंस," युलियाना ताटाकडे बघत म्हणाली, "आणि हा तर बीट."

"मग बिटात काय भरलंय ते बघ. आणि पाठ ताठ ठेव. आपण जमिनीवर बसून डब्यातून ओरपावं असं त्यांना वाटतंय. मी नाही ओरपणार."

नाताळच्या आधी झडती आली. हवालदार ब्रातू हा जाड मिशांचा, कायम सर्दी झालेला माणूस. गादीखाली त्याला वही सापडली. आत जुन्या वळणाची जर्मन अक्षरं, टोकदार आणि एकमेकांत गुंतलेली. बाजूला आकडे. कुठे फुली, कुठे दोन रेघा.

"ही सांकेतिक लिपी आहे," ब्रातू म्हणाला.

"ही माझ्या सासूबाईंची लिपी आहे."

"आणि या फुल्या?"

"बिघडलेल्या पदार्थांच्या. त्यांनाही सगळंच जमायचं नाही."

"मला शिकवू नकोस, बाई. वही जप्त. जिल्ह्याला पाठवतो."

युलियानाने तिचा दंड धरला. "जाऊ दे ना, वहिनी. आपल्याला आत टाकतील." पण अपोलोनियाने वहीचं दुसरं टोक पकडलं होतं. सोडेना.

"पाठवा की," ती म्हणाली. "जिल्ह्याचे साहेब कुणाकडून तरी वाचून घेतील. आत निघणार श्ट्रुडेल आणि कोबीचं लोणचं. मग ते विचारतील, हे कुठल्या हवालदाराने पकडलं? त्यापेक्षा इथंच खात्री करा. मी एक पान वाचते. तुम्ही सामान आणा. लिहिल्याबरहुकूम करते. खायची वस्तू झाली तर वही माझी. नाही झाली तर मला न्या."

बाहेर शेजारीपाजारी जमले होते. कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. ब्रातूचे कान लाल झाले. पण जिल्ह्याच्या साहेबांचं नाव निघाल्यावर तो बिचकला होता, हे खरं.

"वाच," तो म्हणाला.

अपोलोनियाने सावकाश पानं उलटली आणि लग्नाच्या पंगतीच्या श्ट्रुडेलचं पान काढलं. पीठ, लोणी, साखर, मनुका, एक पोतं अक्रोड. ब्रातू लिहून घेत होता. मध्येच पेन्सिल थांबली.

"पोतं?"

"लिहिलंय ते पोतंच. लिपी बदलायची असेल तर सांगा."

रविवारी तो गाडी घेऊन आला. सरकारी शेताच्या कोठारातून कसं काय मिळवलं, त्याचं त्याला ठाऊक. पोतं अर्धंच होतं, पण होतं. अपोलोनियाने शेजाऱ्याच्या घराचं दार बिजागऱ्यांतून काढून टेबल केलं आणि बायकांना हाका मारल्या. पिठाच्या गोळ्याखाली मुठी घालून त्या चौफेर फिरत तो ताणू लागल्या. पीठ पातळ होत होत दाराच्या कडांवरून खाली लोंबायला लागलं. फाटेल या भीतीने त्या नखं आत वळवून पाऊल जपून टाकत होत्या. कोपऱ्यात उभ्या ब्रातूने श्वास रोखून धरला होता. त्याला शिंक आली, तशा सगळ्या जणी एकदम ओरडल्या, "बाहेर जा!" तो खरंच बाहेर गेला.

चिखलाच्या भट्टीतून अक्रोड-मनुका भरून गुंडाळलेलं श्ट्रुडेल निघालं तेव्हा अख्खी गल्ली दारात होती. अपोलोनियाने पहिला तुकडा ब्रातूच्या हातावर ठेवला. "संकेत गरम आहे. जपून."

त्याने खाल्लं. मिशीतली साखर पुसली. पण आब राखायला हवा होता. "हे एकच पान झालं," तो म्हणाला. "बाकीच्या पानांत काय असेल कुणी सांगावं?"

"मग सगळी पानं तपासू या," अपोलोनिया म्हणाली. "पुढचं बदकाचं आहे. उद्या बदकं आणा."

गल्लीत एवढं हसणं त्या माळावर आल्यापासून कुणी ऐकलं नव्हतं. ब्रातू टोपी घालून निघून गेला. पुढे त्याने अपोलोनियाला महिनाभर विहीर खणायच्या कामावर लावून तो राग काढला. तिचे हात सोलले. वहीला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही.

१९५६ मध्ये त्यांना घरी सोडलं. घरात सहकारी शेतीचं कार्यालय बसलेलं. अपोलोनियाने अर्जांवर अर्ज केले आणि दोन वर्षांनी आधी स्वयंपाकघर, मग बाकीचं घर सोडवून घेतलं. चूल पेटली त्या दिवशी तिने वहीचं कोरं पान काढलं आणि लिहायला घेतलं: माळावरची चंदनबटव्यासारखी रानभाजी, मूठभर मक्याचं पीठ, मीठ असलं तर.

युलियाना मागून वाचत होती. तिचा आवाज चढला. "हे कशाला? त्या खड्ड्यातलं खाणं आईच्या वहीत? फाड ते. मला ते दिवस आठवायचे नाहीत."

"तू नको आठवूस."

"लोक वाचतील, वहिनी. म्हणतील, हुप्पर्टांनी गवत खाल्लं."

"खाल्लंच की. चादर अंथरून खाल्लं." अपोलोनियाने पेन दौतीत बुडवलं. "या घरातल्यांनी जे खाल्लं ते या वहीत. बाजूला सर, अंधार पडतोय अक्षरावर."

युलियाना दोन दिवस स्वयंपाकघरात फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "त्या भाजीत आपण सूर्यफुलाच्या बियाही कुटून घालायचो. ते राहिलंय."

"घे पेन," अपोलोनिया म्हणाली. "तुझ्या हाताने लिही."