त्र्याहत्तरचा पाढा

हे सांगणं मी आयुष्यभर टाळलं. परंड्याच्या शाळेत मी गणित शिकवायचो. तीसपर्यंतचे पाढे पाठ असले की गणित आलं, अशी आम्हा मास्तरांची घमेंड. पाढ्यांत न सापडणारी संख्या मी बेधडक मूळ ठरवायचो. अशा अडाण्याला लोक वाकून नमस्कार करायचे.

एकदा मी फळ्यावर लिहिलं, ‘१०००१ ही मूळ संख्या आहे.’ सास्तूरहून नव्यानं आलेल्या बाई माझा तास बघायला मागं बसल्या होत्या. तास संपल्यावर त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “सर, त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस करून बघता का?”

मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, “त्र्याहत्तरचा पाढा असतोय व्हय बाई? तुमच्या सास्तुरातच शिकवत असतील!”

पोरं खिदळली. शिक्षकांच्या खोलीत त्या ‘त्र्याहत्तरबाई’ झाल्या. फिदीफिदी हसणाऱ्या त्या पदवीधरांपैकी एकानंही गुणाकार करून पाहिला नाही. मी मात्र त्याच संध्याकाळी केला. बरोबर दहा हजार एक आले. तरीही दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्याच नावानं हाक मारली. वर्ष संपताच त्यांनी बदली मागून घेतली.

परवा येरमाळ्याच्या स्टँडवर त्या भेटल्या. “सर, तब्येत बरी ना?” त्यांनी विचारलं. मी गुडघेदुखीचं रडगाणं लावलं, तेवढ्यात त्यांची बस आली. ‘बाई, तुमचं बरोबर होतं आणि मला ते माहीत होतं, माफ करा,’ हे वाक्य मला पाढ्यांसारखं पाठ होतं. ते तोंडातच राहिलं.