एका श्वासाच्या कमानी

धाकटीच्या वडिलांनी आयुष्यभर बासरी शिकवली, पण घरात शिकवली ती थोरल्यालाच. "तुझा श्वास पुरायचा नाही," एवढंच ते धाकटीला म्हणाले होते. पुढे दादाने बासरी सोडून टायरचं दुकान टाकलं. धाकटी संगीताची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात लागली आणि दिवसभर कॉम्प्युटरवर स्वरलिपी मांडू लागली.

वडिलांच्या रचनांचं पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा ते काम ओघानेच तिच्या गळ्यात पडलं. सूर भरणं सोपं होतं. जीव काढला तो सुरांवर काढायच्या वळणदार रेघांनी, कमानींनी. एका कमानीखालचे सूर एका श्वासात वाजवायचे, म्हणून ती कुठे उठते नि कुठे टेकते हे वाजवणाऱ्याला झटकन दिसलं पाहिजे. सॉफ्टवेअर मात्र आपल्या मनाने कमान ठोकून द्यायचं. कधी सुरांच्या डोक्यातून आरपार, कधी थेट वरच्या ओळीत घुसलेली. मग धाकटी कमानीवर क्लिक करायची, टोकांना उमटणारे ठिपके माऊसने ओढायची, कमानीचं पोट जरा फुगवायची. वडिलांचा हात थरथरायचा, त्यामुळे त्यांच्या कागदावरून तर काहीच कळत नसे. विचारलं की ते करवादायचे, "कान आहेत ना तुला?" मग ती स्वतःच गुणगुणून, दम कुठे संपतो ते पाहून जागा ठरवायची.

पुस्तक निघालं. समारंभात वडिलांनी आभार मानले ते दादाचे. घरचा कॉम्प्युटर त्याने आणून दिला होता ना.

"आयत्या बिळावर नागोबा," आई कुजबुजली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली.

दुसऱ्या भागाच्या वेळी धाकटीने फक्त सूर भरले. कमानी पडल्या तशा पडू दिल्या. पानं वडिलांपुढे ठेवली तेव्हा ती बोलणी खायच्या तयारीनेच उभी होती. या वेळी मूग गिळून बसायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

वडिलांनी पान डोळ्यांशी नेलं, मग लांब धरलं. त्यांचं बोट दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेवरून सरकत होतं.

"कमानी नीट आल्यात का, बाबा?"

"छान. या खेपेला मन लावून केलंस. मागच्या पुस्तकात नुसती गिचमिड होती. बोललो नाही, इतकंच."

त्या एका 'छान'साठी ती लहानपणापासून आसुसली होती. तिने त्यांच्या हातातून पानं घेतली.

बाहेर येऊन तिने दादाला फोन लावला. "बाबांना दिसत नाहीये. डॉक्टरांकडे न्यायला हवं."

"दुकान टाकून कसा येऊ? तू ने ना. तुझं काय, बसूनच तर काम."

पानं तिने तशीच छपाईला धाडली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि वडिलांचा हात धरून त्यांना दवाखान्यात नेलं. वाटभर ते दादाच्या धंद्याचं कौतुक करत होते.