ज्यानं काठ दाखवला

धक्क्यावर त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. एकतीस वर्षं तो लोकांना नावेतून शहर दाखवत होता आणि वल्ह्यांपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. तळ्याच्या तीन बाजूंनी वसलेलं हिरवंगार शहर तो अशा थाटात दाखवायचा, की तळं जणू त्याच्या आजोबांनीच खणलं होतं. बायको म्हणायची, "माझं कौतुक कधी एका वाक्यात केलं नाहीत, आणि या पाण्याचं पुराण मात्र दिवसभर!" खोटं नव्हतं ते.

उत्तरेच्या वळणावर जुनी वाळुंजाची झाडं पाण्यावर ओणवी झालेली होती. तिथं तो वल्ही वर घ्यायचा आणि म्हणायचा, "आता दोन मिनिटं मीसुद्धा गप्प." त्याचा सगळा जीव त्या वळणात होता.

गेल्या वर्षी एक चष्मेवाला लागोपाठ चार दिवस नावेत येऊन बसला. इतकं मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक कधी भेटतं? आमचा रेडिओ खुलला. सकाळचं ऊन कुठं पडतं, मागचा रस्ता कुठून येतो, पाणी त्या काठावर कधीच कसं चढत नाही, सगळं सांगून मोकळा झाला. चष्मेवाला वहीत लिहून घेत होता. याला वाटलं, शहाणा माणूस आहे.

यंदा वळणाभोवती पत्रे उभे राहिले. मोठ्या इमारती होणार, झाडं जाणार. रेडिओनं नाव बांधून ठेवली आणि दारोदार फिरून दोनशे सह्या गोळा केल्या. नगरपालिकेत खेटे घालून चपला झिजवल्या, तेव्हा कुठं सुनावणी लागली. रात्रभर घोकलेलं भाषण घेऊन तो उभा राहिला, तोच समोर बिल्डरच्या खुर्चीत बसलेला तो चष्मेवाला आनंदानं ओरडला, "अहो काका, तुम्ही! साहेब, ही जागा मला यांनीच तर दाखवली. पाणी चढत नाही, हेही यांनीच सांगितलं."

साहेबांनी विचारलं, "मग तुमची हरकत नेमकी कशाला?"

एकतीस वर्षं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. आठ दिवसांत वळण बोडकं झालं. जेवायच्या ताटावर तो बायकोला म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मीच तो दांडा." तिनं ताट झाकून ठेवलं.

आता वाळुंजं उरलीत ती फक्त दक्षिणेच्या काठावर. परवा एक जोडपं नावेत बसलं होतं. बाईंनी तिकडे बोट दाखवलं.

"काका, तिकडे काय आहे हो? किती सुंदर दिसतंय!"

"तिकडे?" रेडिओनं नाव घाईनं वळवली. "गटार सोडलंय तिकडे. साप आहेत. डास फोडून काढतात. पावसाळ्यात कंबरभर पाणी चढतं."

"अगंबाई! खरंच, वास येतोय," म्हणत त्यांनी पदर नाकाला लावला.

वारा स्वच्छ होता. कसलाही वास नव्हता.

"येतोच," तो म्हणाला, आणि त्याला भडभडून आलं. त्याच्या नावेत बसून या शहराला आजवर कुणी नाकं मुरडली नव्हती. आता तोच ती मुरडायला लावत होता, आणि उद्याही लावणार होता.