मानाचा बेडूक

युद्ध रणांगणावर जिंकलं जात नाही. ते योद्ध्यांच्या निवडीतच जिंकलेलं किंवा हरलेलं असतं. हे मी बेलवलीत एका कोनशिलेशेजारी उभं राहून ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "तू आधी बस. तुझ्या चकरा बघून माझा गुडघा दुखतोय."

कोनशिला एका बागेची आहे. तिच्यावर उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि विशेष उपस्थिती अशी बरीच नावं कोरलेली आहेत. बाग अजून यायची आहे. मोबाइलवरच्या प्राणी पकडायच्या खेळात मात्र या जागेला वजन आहे: इथे बॉस, म्हणजे एकट्याला न आवरणारे बलाढ्य प्राणी, उतरतात. निदान तिघांनी, प्रत्येकी सहा प्राणी घेऊन, पाच मिनिटांत त्याला पाडायचं. मग तो पकडायची संधी मिळते. त्या दुपारी उडणारा ड्रॅगन उतरला होता. तो पाऊण तास थांबणार होता, आणि उद्यापासून दिसणार नव्हता.

ताईला तो हवाच होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून मुलाने तिला हा खेळ लावून दिला. तिच्या सुनेच्या आईने, अंबरनाथच्या विहीणबाईंनी, तो बघून स्वतःही घेतला आणि पंधरा दिवसांत ड्रॅगन पकडला. तेव्हापासून कुटुंबाच्या ग्रुपवर शुभ सकाळच्या खाली ड्रॅगनचा फोटो येऊ लागला. रविवारी विहीणबाईंकडे नातवाचं बारसं होतं. वाळे, कुंची, पाळण्याचं खेळणं सगळं घेऊन झालं होतं. "पण ड्रॅगनशिवाय मी त्या घरात पाऊल टाकणार नाही," असं ताईने जाहीर केलं होतं.

आमचा तिसरा गडी कॅम्प तीन नावाच्या वस्तीतला, जीन्सच्या कारखान्याचा मालक. तो अंबरनाथला शेअर रिक्षा बदलायला उतरला आणि तिथेच अडकला. "भाऊ, एक सवारी कम आहे, ड्रायव्हर हलत नाही," तो फोनवर म्हणाला.

"दोन सीटवर तुम्हीच बसा!"

"बसलोय ना! फिर भी एक कम आहे."

मी घड्याळ बघत होतो, कोनशिलेवरची नावं पुन्हा वाचत होतो, आणि ताईचा संघ तपासत होतो. ड्रॅगन, त्यात उडणारा. बर्फाचा फटका त्याला दुप्पट बसतो. आगीचा निम्माच लागतो. ताईचा पहिला गडी होता आगीचा लाल बेडूक.

"ताई, हा इथे काय करतोय?"

"तो पहिल्यापासून आहे. चामटोलीला, आपल्या घरामागच्या बांधावर सापडला. त्याचा मान पहिला."

आमच्या घरात हळद लावायची असो की पंगतीला बसायचं असो, वयाचा क्रम कधी मोडत नाही. ताईने तोच क्रम इथे लावला होता: जो आधी सापडला, तो आधी लढणार. सहापैकी बर्फाचा एकच, तोही शेवटी, कारण तो दिवाळीत सापडला होता. मी याद्या करून, कोण कोणावर भारी ते वहीत लिहून आणलं होतं. ताईने ती वही बसायला घेतली होती.

जीन्सवाला पोहोचला तेव्हा चौदा मिनिटं उरली होती. त्याने ताईच्या मोबाइलवर नजर टाकली. "दीदी, ये लाल वाला हटाओ. गर्मी में स्वेटर है ये."

"तुमच्या घरी मोठ्यांना असंच उठवता का हो?"

त्याने आपला मोबाइल काढला. आम्ही लढलो. पाच मिनिटं संपली तेव्हा ड्रॅगनची नखभर ताकद शिल्लक होती. ताईचा बर्फवाला जेमतेम मैदानात आला होता.

आठ मिनिटं उरली. मी पुन्हा चकरा मारू लागलो. ताईने मोबाइल मांडीवर ठेवला, बेडकाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मोठा माणूस आहे तो. दारात उभा राहून पाहुण्यांचं बघेल. लढायला पोरं जातील." मग तिने राखीव प्राण्यांतून एकेक करून बर्फाचे आणखी पाच वर आणले. माझ्या वहीत होते तेच. वही तिच्याखालीच होती.

या वेळी ड्रॅगन वेळेआधीच पडला. त्याला पकडायला ताईला बारा चेंडू मिळाले. अकरा वाया गेले. बाराव्याच्या वेळी जीन्सवाल्याने डोळे मिटले आणि मी कोनशिलेचा आधार घेतला. चेंडू तीनदा हलला आणि ड्रॅगनला आत घेऊन बंद झाला.

रविवारी पाळण्याचं गाणं संपायच्या आधीच ताईने मोबाइल पुढे केला. विहीणबाईंनी चष्मा लावून पाहिलं, छान आहे म्हणाल्या. त्यांनी तो खेळ शुक्रवारीच काढून टाकला होता. बारशाच्या फोटोंना मोबाइलमध्ये जागा उरत नव्हती.